नाताळच्या आठवड्यात आजी-आजोबा आणि लहान मुलांसह डिस्ने वर्ल्ड: नियोजन कसे करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणारे एक कुटुंब २३ ते ३० डिसेंबर २०२६ या काळात फ्लोरिडातील ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाऊ इच्छिते. घरात आठ वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि कराडहून आलेले सासू-सासरे आहेत. सासऱ्यांनी आयुष्यभर शेती केली. त्यांना मधुमेह आहे आणि गुडघेही दुखतात. सासूबाई शाकाहारी असून मार्गशीर्षातले गुरुवार करतात. जानेवारीच्या सुरुवातीला दोघेही भारतात परतणार असल्यामुळे तारखा पुढे ढकलता येत नाहीत. एवढ्या गर्दीत जावे की नाही, किती दिवसांची तिकिटे काढावीत, कोठे उतरावे आणि वडीलधाऱ्यांचे हाल होऊ नयेत म्हणून काय करावे, असे प्रश्नकर्त्या ताईंनी विचारले आहे.

मी गेली तेरा वर्षे मराठी कुटुंबांच्या ऑर्लँडोच्या सहली आखून देते आणि त्यांतल्या बऱ्याचशा याच आठवड्यातल्या असतात, कारण भारतातून आलेले आई-वडील, मुलांच्या शाळेची सुट्टी आणि नवरा-बायको दोघांचीही रजा असा तिहेरी योग एरवी जुळून येत नाही. म्हणून ‘नाताळात जाऊ नका, जानेवारीच्या अखेरीस जा’ हा सल्ला बरोबर असला, तरी तो तुमच्या उपयोगाचा नाही. तुम्ही जरूर जावे. मात्र सहाही जणांनी सकाळपासून रात्रीपर्यंत एकत्र हिंडायचे आणि मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम हे चारही पार्क पुरे करायचे, असा काही आराखडा मनात असेल तर तो आजच काढून टाकावा. या आठवड्यातल्या दिवसाची आखणी राइडच्या यादीवरून करून चालत नाही. घरातले जे माणूस सर्वांत आधी थकते, त्याच्या पायांवरून ती करावी लागते. तुमच्याकडे अशी माणसे दोन आहेत, सासरे आणि धाकटा मुलगा, आणि सुदैवाने दोघांचाही दुपारच्या विश्रांतीचा वेळ एकच आहे.

आधी गर्दीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. साधारणपणे २६ ते ३१ डिसेंबर हे डिस्ने वर्ल्डचे वर्षातले सर्वाधिक गर्दीचे दिवस असतात. अमेरिकेतल्या बहुतेक शाळा बंद असतात आणि ब्राझील, अर्जेंटिना येथे त्या सुमारास उन्हाळ्याची सुट्टी असल्याने तिकडचीही कुटुंबे मोठ्या संख्येने येतात. तिकिटांचे दर तारखेनुसार ठरतात, त्यामुळे दरपत्रक पाहिले तरी गर्दीचा अंदाज येतो: २०२५ च्या नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट कर सोडून १९९ डॉलरवर गेले होते आणि २०२६ अखेरच्या काही दिवसांसाठी ते दोनशेच्या पुढे गेले. पण ही गर्दी दिवसभर सारखी नसते, आणि सगळे नियोजन याच एका गोष्टीवर उभे राहते. या दिवसांत दरवाजे लवकर उघडतात आणि उशिरा बंद होतात. सकाळचे पहिले दोन-अडीच तास रांगा आवाक्यात असतात, अकरानंतर त्या झपाट्याने वाढतात, दुपारी बारा ते पाच हा काळ सर्वांत जड जातो, आणि रात्रीची आतषबाजी संपून लहान मुलांची कुटुंबे परतू लागली की त्या पुन्हा आखडतात. सकाळी आठ वाजता वीस मिनिटांत हाती येणाऱ्या राइडसाठी दुपारी दोन वाजता दीड-दोन तास उभे राहावे लागते.

हे मी अनुभवाने शिकले आहे. पहिल्या वर्षी आम्ही स्वतः सासूबाईंना घेऊन गेलो, तेव्हा सुट्टीच आहे म्हणून निवांत न्याहारी करून साडेनऊला निघालो. मॅजिक किंगडमचे वाहनतळ पार्कच्या दाराशी नाही. ते तळ्याच्या अलीकडे आहे आणि तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. गाडी लावणे, सुरक्षा तपासणी आणि मोनोरेलची रांग असे करत आम्ही आत पाऊल ठेवले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते आणि सासूबाईंचे गुडघे तेव्हाच भरून आले होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या पदरात तीन राइड पडल्या. त्यानंतर मी कोणालाही त्या वेळी निघू दिलेले नाही. दरवाजे उघडण्याच्या वेळेआधी पाऊण तास दारात उभे राहायचे, साडेबारा-एकला पार्क सोडायचा, जेवून दोन तास झोपायचे आणि पाच-साडेपाचला ज्यांना उत्साह असेल त्यांनीच परत जायचे, असा दिवस ठेवावा. दुपारची ही झोप म्हणजे दिवस वाया घालवणे नव्हे. तिच्यामुळे संध्याकाळचे चार तास मिळतात आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही हातची जात नाही.

निवासाचा निर्णय याच विचाराने घ्यावा. किसिमी आणि डेव्हनपोर्ट भागात चार खोल्यांचे घर भाड्याने मिळते, स्वयंपाकघर मिळते, आणि सहा जणांचा हिशेब केला तर ते बहुधा स्वस्तही पडते. आपल्या लोकांचा ओढा तिकडेच असतो. उन्हाळ्यात किंवा ऑक्टोबरात मीही तेच सुचवते. पण नाताळच्या आठवड्यात त्या भागातले रस्ते आणि आय-४ महामार्ग इतके तुंबतात की दुपारी घरी जाऊन परत येणे जवळजवळ अशक्य होते, आणि मग सासऱ्यांना सारी दुपार पार्कातल्या बाकावर बसून काढावी लागते. तुमच्या कुटुंबाने डिस्नेच्या आवारातल्या हॉटेलातच उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलात सहा जणांचे फॅमिली स्वीट मिळतात. त्यांत दोन न्हाणीघरे, लहान फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो, आणि तिथून स्कायलायनर नावाच्या, तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांनी एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना जाता येते. हॉटेलची बस मॅजिक किंगडमच्या थेट दाराशी सोडते, त्यामुळे तळ्याचा तो सारा वळसा वाचतो. खर्च अगदीच झेपत नसेल तर डिस्ने स्प्रिंग्जजवळची काही बाहेरच्या कंपन्यांची हॉटेले पाहावीत. पुढे सांगते त्या सवलती त्यांतल्या अनेकांना लागू असतात, मात्र आरक्षणापूर्वी हॉटेलला विचारून तशी खात्री करून घ्यावी.

त्यांतली पहिली सवलत अशी की आवारातल्या हॉटेलांच्या पाहुण्यांना चारही पार्कांत दररोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. अर्धा तास ऐकायला किरकोळ वाटतो, पण नाताळात त्या अर्ध्या तासात एक मोठी आणि एक लहान राइड होते, आणि त्याच दोन राइडना दुपारी तीन तास लागले असते. दुसरी सवलत लायटनिंग लेनची, म्हणजे नेहमीची लांब रांग टाळून वेगळ्या छोट्या रांगेतून राइडपर्यंत जाण्याच्या सोयीची. जुलै २०२४ पासून ही सशुल्क सोय दोन प्रकारांत मिळते. मल्टी पासमध्ये एका पार्कातल्या तीन राइडच्या वेळा आधी ठरवता येतात आणि एक वापरली की पुढची घेता येते; ट्रॉनसारख्या मोजक्या, फार मागणी असलेल्या राइडसाठी सिंगल पास स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. आवारात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी सकाळी सात वाजता संपूर्ण मुक्कामाचे पास घेता येतात, तर बाहेर राहणाऱ्यांना प्रत्येक दिवसाच्या फक्त तीन दिवस आधी. तुमचा मुक्काम २३ पासून असेल, तर १६ डिसेंबरला, बुधवारी, सकाळी पावणेसातला तुम्ही डिस्नेचे ॲप उघडून बसलेल्या असायला हव्यात. सर्वांची तिकिटे त्यात आदल्या रात्रीच जोडून ठेवावीत, कारण सात वाजल्यानंतर एकेकाचे तिकीट जोडत बसले की सकाळच्या वेळा हातातून निसटतात.

या पासच्या बाबतीत लोक एक मोठा खर्च विनाकारण करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. पास दर माणशी आणि दर दिवशी घ्यावा लागतो आणि या आठवड्यात त्याचा दर वर्षातला सर्वांत चढा असतो. सहा जण आहेत म्हणून सहा पास घ्यायचे नसतात. तुमच्या मुलाला तीन वर्षे पूर्ण झालेली नाहीत, म्हणून त्याला प्रवेशाचे तिकीटही लागत नाही आणि पासही लागत नाही. सासू-सासरे ज्या गोष्टींत रमतील त्यांतल्या बहुतेकांना मोठी रांगच नसते. राहिले तुम्ही दोघे आणि मुलगी, म्हणजे तीन पास. तेही मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोनच पार्कांसाठी घ्यावेत. ॲनिमल किंगडम सकाळी लवकर गाठले तर पासाविना होते, आणि एपकॉटमध्ये पासवर पैसे घालण्याऐवजी ते खाण्यावर घालावेत असे मला वाटते.

मुलीची उंची ४७ इंच असल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्या उंचीला जवळजवळ सगळ्या राइड खुल्या होतात: स्पेस माउंटन, एक्सपिडिशन एव्हरेस्ट आणि अवतारची फ्लाइट ऑफ पॅसेज यांना ४४ इंच लागतात, राइज ऑफ द रेझिस्टन्सला ४० आणि स्लिंकी डॉग डॅशला ३८. फक्त ट्रॉन आणि हॉलिवूड स्टुडिओजमधली रॉक ‘एन’ रोलर कोस्टर यांना ४८ इंचांची अट आहे. डिसेंबरपर्यंत तिची उंची इंचभर वाढेलही, पण तुम्ही या दोन्ही राइडचे नाव तिच्यापुढे आधीच काढू नये. उंची मोजण्याच्या दांड्याखाली टाचा हलकेच उचलून, श्वास रोखून उभे राहिलेले मूल आणि त्याच्या डोक्यावरून सरकत जाणारा कर्मचाऱ्याचा तळहात मी अनेकदा पाहिला आहे; त्या क्षणी तिथून परत फिरावे लागलेल्या मुलाची समजूत काढण्यात उरलेली सकाळ जाते. घरी बूट घालून तिची उंची नीट मोजा, कारण तिथेही बूट घातलेल्या उंचीचेच मोजमाप होते.

अडीच वर्षांच्या मुलामुळे तुम्हा दोघांपैकी एकाला प्रत्येक मोठ्या राइडवर पाणी सोडावे लागेल असे समजू नका. रायडर स्विच ही सोय विनामूल्य आहे. राइडच्या दाराशी कर्मचाऱ्याला सांगायचे, एकाने मुलीला घेऊन रांगेत जायचे, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचे. पहिला परतला की दुसऱ्याला लायटनिंग लेनमधून सोडतात आणि बहुतेक वेळा मुलीला त्याच्याबरोबर पुन्हा बसता येते. ही सोय आहे म्हणून सासू-सासऱ्यांना तासन्‌तास नातवापाशी बसवून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. भारतातून आलेले आजी-आजोबा नाही म्हणत नाहीत. ‘तुम्ही जा, आम्ही बसतो’ हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणतात, आणि घरी परतल्यावर त्यांना काय पाहिले असे विचारले तर त्यांच्या आठवणीत बाक आणि स्ट्रोलर (बाळाची ढकलगाडी) एवढेच उरलेले असते. याचे मला दरवर्षी वाईट वाटते, म्हणून त्यांच्यासाठी काय आहे ते मी आवर्जून लिहिते.

तुमच्या सासऱ्यांनी शेती केलेली आहे, तर एपकॉटमधली ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही नौकेची फेरी त्यांच्यासाठी पहिल्या क्रमांकावर ठेवा. नाव संथपणे काचगृहांतून जाते आणि मातीविना, मुळांवर पाण्याचे फवारे मारून वाढवलेल्या भाज्या, टांगलेले भोपळे, वेलींसारखा चढवलेला टोमॅटो हे सगळे हाताच्या अंतरावरून दिसते. तिथले पीक डिस्नेच्या उपाहारगृहांत खरोखर वापरले जाते. नाताळात या काचगृहांत रोषणाईही करतात. माझ्याबरोबर आलेले फलटणकडचे एक आजोबा या नावेत सलग दोनदा बसले आणि उतरल्यावर ठिबकच्या नळ्यांबद्दल कर्मचाऱ्याला विचारायला मला दुभाषी म्हणून उभे केले. त्याच पार्कात तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत, प्रत्येकात नाताळचे खाद्यपदार्थ आणि त्या त्या देशाचे कथेकरी असतात, आणि संध्याकाळी कँडललाइट प्रोसेशनल हा वाद्यवृंद आणि मोठ्या गायकवृंदाचा कार्यक्रम दरवर्षी साधारणपणे ३० डिसेंबरपर्यंत होतो. तो बसून ऐकायचा आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना सोयीचा. जागेसाठी मात्र तासभर आधी रांगेत लागावे लागते. तळ्याची पूर्ण प्रदक्षिणा सुमारे दोन किलोमीटरची आहे आणि ही दालने सकाळी अकराच्या सुमारास उघडतात, म्हणून हे एकच पार्क असे आहे की जिथे तुम्ही दुपारनंतर गेलात तरी चालेल.

ॲनिमल किंगडमचा आशिया विभाग ‘आनंदपूर’ नावाच्या काल्पनिक राज्याचा आहे. तिथल्या महाराजा जंगल ट्रेकवर पडक्या राजवाड्याच्या कमानींतून वाघ दिसतात, भिंतींवर राजे आणि शिकारीची रंगलेली चित्रे आहेत, आणि पाट्यांपासून सायकलींपर्यंत सगळे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या संस्थानच्या गावासारखे सजवलेले आहे. चालत जायची वाट आहे, रांग नसते, आणि सावली भरपूर असते. किलिमांजारो सफारी मात्र दरवाजे उघडताच करावी. त्या वेळी हवा थंड असल्याने प्राणी हिंडताना दिसतात. गाडी बरीच हिंदकळते, म्हणून सासूबाईंना कंबरेचा त्रास असेल तर शेवटच्या ओळीत बसवू नये. मॅजिक किंगडममध्ये पीपलमूव्हर, इट्स अ स्मॉल वर्ल्ड आणि कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस या तीन गोष्टी दोघांनाही जमतील. त्यांतली तिसरी तर १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी तयार झाली होती आणि तिथे वीस मिनिटे गार हवेत बसायला मिळते.

चाकाच्या खुर्चीविषयी आपल्या लोकांत एक जुना समज आहे की खुर्ची घेतली म्हणजे रांग टळते. तसे होत नाही. बहुतेक रांगा खुर्ची जाईल इतक्या रुंद आहेत आणि खुर्चीतल्या माणसालाही त्याच रांगेतून जावे लागते. रांगेबाहेर थांबण्याची जी वेगळी सोय आहे, तिचे नियम २०२४ मध्ये बरेच कडक झाले आणि ती प्रामुख्याने ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. तरीही सासऱ्यांसाठी खुर्ची घ्याच. एका दिवसात दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते, आणि ‘मला खुर्ची कशाला, मी काय म्हातारा झालो?’ असे ते पहिल्या दिवशी म्हणतील हे गृहीत धरून ती हॉटेलवर आठवडाभरासाठी आधीच मागवून ठेवावी. पार्कात भाड्याने मिळणाऱ्या विजेच्या गाड्या या आठवड्यात सकाळीच संपतात. नको असेल तेव्हा खुर्चीत पिशव्या ठेवता येतात आणि हवी असेल तेव्हा ती हाताशी असते.

आता खाण्याकडे वळते. पार्कात घरचे खाद्यपदार्थ नेण्यास परवानगी आहे; फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे, मेथीच्या पोळ्यांचे रोल, चिवडा आणि दाण्याचे लाडू एवढे बरोबर असेल तर दुपारच्या वेळी उपाहारगृहाच्या रांगेत कोणाचाही जीव मेटाकुटीला येत नाही, आणि मधुमेहाच्या माणसाला वेळेवर खायला मिळते, जे या आठवड्यात सर्वांत महत्त्वाचे आहे. जिथे शीतपेये मिळतात अशा झटपट खाण्याच्या ठिकाणी बर्फाच्या पाण्याचा पेला मोफत मागता येतो. प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर असते. तिथे मुलाची खिचडी गरम करायला मायक्रोवेव्ह आणि त्याला शांतपणे भरवायला जागा मिळते. प्रथमोपचार केंद्रात थंड ठेवायची औषधे सांभाळून ठेवतात, त्यामुळे सासरे इन्सुलिन घेत असतील तर ते पिशवीत उन्हात फिरवू नये. पार्कातले जेवण घ्यायचे असेल तर ॲपवरून मागणी सकाळी दहालाच नोंदवून बाराची वेळ धरून ठेवावी. एकदा तरी सर्वांनी मिळून बाहेर जेवायचे असेल तर ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या ‘सना’ नावाच्या उपाहारगृहात जावे. तिथे नान व इतर रोट्यांसोबत चटण्या, रायते आणि लोणच्यांचे ताट मिळते आणि खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे चरताना दिसतात. डिसेंबरात साडेपाचलाच अंधार पडतो, म्हणून दुपारचीच वेळ घ्यावी. हॉटेलातल्या पाहुण्यांना उपाहारगृहांचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणजे तुमच्यासाठी २४ ऑक्टोबरला.

२०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे मार्गशीर्ष डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि २४ व ३१ डिसेंबर हे दोन्ही गुरुवार त्यात येतात. त्यांतला २४ तारखेचा गुरुवार तुमच्या सहलीत पडतो, आणि त्या दिवशी मी तुम्हाला कोणत्याच पार्कात पाठवणार नाही. आदल्या रात्री विमानाने येऊन पहाटे उठण्यात तसाही अर्थ नसतो. सकाळी किराणा आणि दूध आणावे, मुलांना तरणतलावात खेळू द्यावे, आणि संध्याकाळी सासूबाईंना खोलीतच शांतपणे पूजा मांडू द्यावी. हॉटेलच्या खोलीत निरांजन, समई किंवा उदबत्ती लावता येत नाही, धुराचा इशारा लगेच वाजतो. म्हणून सेलवर चालणारे दोन दिवे घरूनच घ्यावेत. पूजेची पोथी आणि राजगिऱ्याचे लाडू सामानात नको, हातातल्या पिशवीत असू द्यावेत. नाताळच्या गर्दीत सामान उशिरा पोहोचणे मुळीच नवलाचे नाही.

मग २५ तारखेला, शुक्रवारी, ॲनिमल किंगडम. नाताळच्या सकाळी अनेक अमेरिकी कुटुंबे खोलीत भेटवस्तू उघडत असतात, त्यामुळे माझ्या अनुभवात त्या दिवशीचे पहिले दोन तास सर्वांत मोकळे जातात. २६ ला दुपारनंतर एपकॉट, म्हणजे सकाळी सगळ्यांची झोप होईल. २७ ला, रविवारी, मॅजिक किंगडम पहाटेपासून, दुपारी परत, आणि संध्याकाळी पुन्हा. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे वेगळ्या तिकिटाची नाताळ पार्टी असते आणि त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना सहा वाजता बाहेर पडावे लागते, पण ती दरवर्षी साधारण २० ते २२ डिसेंबरच्या आत संपते. त्यानंतरच्या आठवड्यात तीच नाताळची परेड आणि आतषबाजी नेहमीच्या तिकिटातच पाहायला मिळते, तेव्हा पार्टीचे तिकीट घेण्याचा विचार तुम्हाला करावा लागणार नाही. परेडसाठी सासू-सासऱ्यांना मुख्य रस्त्याच्या गर्दीत बसवण्याऐवजी फ्रंटियरलँडच्या बाजूला, जिथे परेड जाते त्या कडेला, अर्धा तास आधी जागा धरावी. २८ ला पूर्ण विश्रांती. २९ ला हॉलिवूड स्टुडिओज, तेही फक्त तुम्ही दोघे आणि मुलगी. तिथल्या बहुतेक मोठ्या राइड वडीलधाऱ्यांच्या उपयोगाच्या नाहीत, आणि आजी-आजोबांना नातवाबरोबर हॉटेलात एक निवांत दिवस मिळेल. हाच एक दिवस त्यांनी नातू सांभाळावा, आणि तो त्यांना आधी विचारून ठरवावा. ३० ला परत. ३० आणि ३१ या दोन्ही रात्री मॅजिक किंगडममध्ये नववर्षाची आतषबाजी होते आणि गर्दी कळसाला पोहोचते, त्यामुळे तुमची परतीची तारीख आपोआपच चांगली पडली आहे.

या क्रमानुसार तुम्हा दोघांना आणि मुलीला चार दिवसांचे तिकीट लागेल, जे सात दिवसांत केव्हाही वापरता येते. सासू-सासऱ्यांना तीन दिवसांचे पुरे; त्याची मुदत पाच दिवसांची असते आणि २५, २६, २७ हे दिवस त्यात बसतात. एका दिवशी दोन पार्क करण्याची पार्क हॉपर सोय कोणासाठीही घेऊ नये. २०२५ च्या मे महिन्यात उघडलेले युनिव्हर्सलचे एपिक युनिव्हर्स खुणावत असेल, तरी या सहलीत ते घालू नका. मुलगी दहा वर्षांची झाली की ती सहल वेगळी करा.

कपड्यांबाबत लोक फसतात, कारण फ्लोरिडा म्हणजे ऊन असे सगळे धरून चालतात. डिसेंबरात दुपारी २२-२३ अंश असले तरी पहाटे ११-१२ अंशांवर पारा असतो आणि उत्तरेकडून थंड वारा आला तर तो चार-पाचापर्यंतही उतरतो. सकाळी सातला दारात उभे असताना सासऱ्यांना कानटोपी आणि सासूबाईंना साडीवर जाड स्वेटर लागेल, आणि अकराला तेच सगळे स्ट्रोलरखालच्या टोपलीत जाईल. स्ट्रोलरच्या दांड्याला घरातली एखादी भडक रंगाची फीत किंवा जुन्या साडीचा काठ बांधा. कर्मचारी उभे केलेले स्ट्रोलर सतत हलवतात, आणि शेकडो एकसारख्या काळ्या स्ट्रोलरांत आपला शोधताना झोपलेले मूल खांद्यावर असते.

विमानतळावर ओळख म्हणून सासू-सासऱ्यांचे मूळ पासपोर्ट लागतील. पार्कात ते नेऊ नयेत, खोलीतल्या तिजोरीत ठेवावेत. बरोबर छायाचित्र असलेले दुसरे एखादे ओळखपत्र असू द्यावे. त्याचे कारण असे की तिकिटासोबत प्रवेशद्वारावर बोटाचा ठसा घेतात, आणि ज्यांनी आयुष्यभर मातीत हात घातले आहेत त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्या फलटणच्या आजोबांचे बोट यंत्राने चार वेळा नाकारले, मागे रांग वाढत गेली आणि त्यांना वाटले की आपले काहीतरी चुकले. कर्मचारी मुलीने शांतपणे ओळखपत्र पाहून त्यांना आत सोडले. तुमच्या सासऱ्यांना हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे दारात ते गोंधळणार नाहीत.